अमेरिकेत पूर्वी मुलं शाळेत बंदुका नेत, हे खरं का?

हो, बऱ्याच ठिकाणी. अनेक हायस्कुलांत रायफल क्लब असत, न्यूयॉर्क शहरातसुद्धा. खेड्यांकडे शिकारीच्या मोसमात पोरं पिकअपच्या मागच्या काचेला रायफल अडकवून शाळेत येत. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

१९९४ च्या कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान वर्षभर काढून टाकायचं ठरलं. पण खरा धसका १९९९ च्या कोलंबाइन हत्याकांडाचा; कोलोरॅडोतल्या त्या हायस्कुलात दोन विद्यार्थ्यांनीच गोळीबार केला होता. मग काही शाळांनी इतकं ताणलं, की बोटांची बंदूक केली म्हणूनही चिमुरडी निलंबित झाली (हे मला अतीच वाटतं). २०१८ मध्ये पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले, तेव्हा मुलंच कडक कायद्यांसाठी रस्त्यावर उतरली. गंमत म्हणजे, काही शाळांचे नेमबाजीचे संघ आजही आहेत.