आधी बसा, मग सुटा : झिपलाइनविषयी वाचकांचे प्रश्न

डिसेंबरमध्ये आम्ही सहकुटुंब जोधपूरला जातोय. मेहरानगडच्या झिपलाइनसाठी मुलांनी हट्ट धरलाय. माझं वय ५६. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं तरी पाय लटपटतात. जावं का? (नाशिक)

जाता येईल. झिपलाइन म्हणजे उंचावरून उताराने बांधलेली पोलादी तार. तिच्यावर धावणाऱ्या चाकाला, म्हणजे पुलीला, लटकून पलीकडे जायचं. पण मेहरानगडावर एकच तार नाही, सहा तारांची फेरी आहे. किल्ल्याच्या पाठीमागून, राणीसर-पदमसर तळ्यांच्या आणि राव जोधा उद्यानाच्या ज्वालामुखी खडकांच्या परिसरातून ती जाते. म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा : पहिल्या तारेनंतर नको वाटलं, तर चालत परत येता येतं का? कुठल्या टप्प्यापर्यंत? अशा फेऱ्यांमध्ये काही ठिकाणी पुढे जाणं हाच सोपा मार्ग उरतो, आणि हे तिसऱ्या तारेवर कळून उपयोग नाही.

उंचीला घाबरणाऱ्या माणसाचा सगळ्यात वाईट क्षण तारेवर येत नाही, तो सुटण्याच्या फळीच्या काठावर येतो. तिथे डोळे खाली बघतात आणि पाय पुढे जात नाहीत. त्याला उपाय एकच : उडी मारायची नाही, बसायचं. पुली तारेवर चढली, हुक लागले, मार्गदर्शकाने तपासले, की त्याला सांगून गुडघे वाका आणि खुर्चीत बसल्यासारखे मागे बसा. पाय अजून फळीवरच आहेत. मांड्यांभोवतीचे पट्टे ताणतील, सगळं वजन तारेवर जाईल. तसेच दहा आकडे मोजा. अंगाला आधार कळला की पाय नुसते उचलायचे. उडी मारली तर सैल पट्ट्याला हिसका बसतो, अंग गरगरतं आणि भीती दुप्पट होते.

हेच बसणं आधी जमिनीलगतच्या सरावाच्या तारेवर दोन-तीनदा करून घ्या. सराव न देता थेट वर नेणारा आयोजक असेल तर तिथूनच परत फिरा. गटात तिसरा-चौथा नंबर लावा. पुढचे कसे जातात ते दिसतं आणि फार वेळ ताटकळावंही लागत नाही. भरलेले पैसे बुडतील म्हणून मात्र कुणी पाय उचलू नये.

फोटोत तार चांगलीच लोंबकळलेली दिसते. सैल तारेवर माणूस सोडणं धोक्याचं नाही का? (सांगली)

उलट आहे. झोळ असतो म्हणूनच तार टिकते. ३०० मीटर लांबीची, १२ मिलिमीटर जाडीची पोलादी तार घ्या आणि तिला मध्यावर १५ मीटर झोळ आहे असं धरा. ८० किलोचा माणूस मध्यावर असताना त्याच्यामुळे तारेत साधारण ४०० किलोचा ताण येतो. तारेचं स्वतःचं वजन १८० किलोच्या आसपास, त्याचा ताण आणखी ४५०. म्हणजे सगळा मिळून ८५० किलो. अशी तार तुटायला साधारण ८ टन लागतात. आता हीच तार खेचून झोळ ३ मीटरवर आणला तर तोच माणूस आणि तीच तार मिळून चार टनांच्या वर ताण देतील. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या चादरीचं गणित हेच. दोरी जितकी ताठ बांधाल तितके खिळे उपटतात.

झोळाचा दुसरा फायदा वेगाला. सगळ्यात खालचा बिंदू मध्याच्या पुढे, उतरण्याच्या टोकाकडे असतो. तो ओलांडला की तार चढणीला लागते आणि वेग आपोआप मंदावतो.

तार तुटण्याची भीती बहुतेकांना वाटते, पण गोष्टी बिघडतात त्या दुसरीकडे : हुक लागलाच नाही किंवा अर्धवट लागला, पुढचा माणूस तारेवर असतानाच मागच्याला सोडलं, वेग जास्त असताना ब्रेक कमी पडला. त्यामुळे नजर तिथे ठेवा. पुलीपासून तुमच्यापर्यंत दोन स्वतंत्र जोडण्या हव्यात, एक मुख्य आणि एक राखीव. हुकाचं तोंड आपोआप कुलूपबंद होणारं किंवा स्क्रू फिरवून बंद होणारं असावं. नुसत्या स्प्रिंगचं चालणार नाही. ज्याने हुक लावले त्याच्याशिवाय दुसऱ्याने ते तपासावेत. आणि पलीकडून वॉकीटॉकीवर ‘तार मोकळी’ असा निरोप आल्याशिवाय कुणालाही सोडू नये.

माझं वजन ९६ किलो, पोट सुटलेलं. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, नीट बसलाय हे कसं ओळखावं? (पुणे)

कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे. तो दोन्ही हातांनी खाली ओढून बघा. हाडांवरून सरकला तर सैल आहे. मांडीच्या पट्ट्यात सपाट तळवा जावा, मूठ जाऊ नये. बकलमधून पट्टा उलटा परत घालायचा प्रकार असेल तर तो घातलाय का आणि शेपूट चार बोटं तरी उरलंय का, ते पाहा. हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्यात दोन बोटं मावावीत.

पण तुमच्यासारख्या अंगलटीला खरा प्रश्न वेगळाच आहे. पोटाचा घेर नितंबांपेक्षा मोठा असला की कमरेचा पट्टा जागेवर राहत नाही आणि वरचं अंग जड होऊन माणूस मागे उलटण्याची शक्यता असते. खांद्यांवरून पट्टे जाणारा पूर्ण अंगाचा हार्नेस मागा. सडपातळ लहान मुलांनाही तोच द्यावा. वजन लपवू नका. हवेचा विरोध अंगाच्या आकारमानावर ठरतो, ओढ मात्र वजनावर, म्हणून जड माणूस टोकाला जास्त वेगाने पोचतो आणि ब्रेक त्या हिशेबाने लावलेले असतात.

अर्ध्यात थांबले तर? माझं वजन ४४ किलो आहे. (रत्नागिरी)

हलकी माणसं थांबतात, विशेषतः समोरून वारा असेल किंवा हाताचा ब्रेक घाबरून लवकर लावला तर. थांबलात की तोंड सुरुवातीच्या टोकाकडे करा, दोन्ही हातांनी आळीपाळीने तार ओढत पाठमोऱ्या उतरण्याच्या फळीकडे सरका. नाही जमलं तर मार्गदर्शक तारेवरून येऊन ओढून नेतो. तोवर पाय हलवत राहा. पट्ट्यात निश्चल लोंबकळलं तर पायांत रक्त साठून चक्कर येऊ शकते.

हाताच्या ब्रेकचा नियम पाठ करा : चामडी हातमोज्याचा उघडा तळवा पुलीच्या *मागे*, तारेवर वरून दाबायचा. बोटांनी तार आवळायची नाही, आणि पुलीच्या पुढे हात कधीच न्यायचा नाही, कारण चाकाखाली बोटं सापडतात. ब्रेक मार्गदर्शकाच्या खुणेशिवाय लावू नका. बऱ्याच नव्या तारांवर टोकाला स्प्रिंगचा किंवा चुंबकीय ब्रेक असतो. तिथे तुमचं काम एवढंच की गुडघे वर घ्यायचे आणि हात तारेपासून लांब ठेवायचे.

साडी, चष्मा, मोबाइल? (ठाणे)

साडी आणि ओढणी नाही. पँट किंवा सलवार, पण घोळ आवरलेला. केस बांधून हेल्मेटच्या आत. सुटी वेणी पुलीत अडकते. चष्म्याला मागून दोरी. मोबाइल चेन असलेल्या खिशात, हातात नाही. मंगळसूत्र, अंगठ्या, बांगड्या हॉटेलातच ठेवा. चपला नकोत.

सोलापूरहून आई-वडील आमच्याकडे येतायत. रास अल खैमाच्या जेबेल जैस डोंगरावरची झिपलाइन त्यांना दाखवायचा विचार आहे. (दुबई)

दाखवा, पहिल्यांदाच त्यावर बसवू नका. २०१८ साली सुरू झालेली ती तार २.८३ किलोमीटर लांब आहे, वेग ताशी १२० किलोमीटरच्या वर जातो, आणि जायचं असतं ते पालथं झोपून. मान वर धरून इतका वेळ राहणं साठीच्या मानेला सोपं नाही. सुरुवात छोट्या, बसून जायच्या तारेवर करा. पहाडावर वारा वाढला की तार बंद ठेवतात, म्हणून तो दिवस परतीच्या विमानाला चिकटवून ठेवू नका. रक्तदाब, हृदयविकार, खांदा निखळण्याची सवय, मणक्याचा त्रास, ठिसूळ हाडं, फिट्स किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात कुठलीच झिपलाइन नको.

लांब जाण्याआधी महाराष्ट्रात सराव कुठे करता येईल? (सातारा)

कोलाड आणि लोणावळ्याच्या बाजूला झिपलाइन आहेत. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवायला सांगा, आणि तारेच्या तपासणीची वहीही. रोज सकाळी पहिल्या फेरीआधीची नोंद त्यात असली पाहिजे. पावसाळा टाळा. ओल्या तारेवर हातमोजा घसरतो, धुक्यात समोरची फळी दिसत नाही, आणि वीज चमकत असताना डोंगरावरच्या पोलादी तारेला लटकण्याचं काहीच कारण नाही.