वेटलिफ्टिंगची बंदी कबड्डीला का लागते? ऐरोलीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा राग समजतो. भाचा वेटलिफ्टिंगमध्ये स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडला सापडला, नोटीस आल्यावर लगेच कबूल केलं म्हणून चार वर्षांची बंदी तीनवर आली, दीड वर्ष घरी बसून झाल्यावर पोरगं जिल्ह्याच्या कबड्डी निवड चाचणीला गेलं आणि टेबलावरूनच परत पाठवलं. तुम्ही विचारताय की चूक एका खेळात केली तर शिक्षा दुसऱ्यात कशाला, आणि तीही जिथे एक रुपया मिळत नाही अशा हौशी खेळात. मी ठाण्यात मास्टर्स गटात पोहतो, वय 54, आणि वीसेक वर्षं कबड्डीच्या स्पर्धांना गुणलेखक म्हणून बसतोय, त्यामुळे मनापासून सांगतो, चाचणीतून त्याला परत पाठवलं ते मला बरोबरच वाटतं. त्याच्या बाबतीत चाललेलं सगळंच बरोबर आहे असं मात्र नाही, तेही पुढे लिहितो.

आधी त्या टेबलावरच्या माणसाचे आभार माना. बंदी माणसावर असते, खेळावर नसते. वाडा म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, तिच्या संहितेवर सही केलेल्या कुठल्याही संघटनेची, तिच्या सदस्य संघटनांची, त्यांच्या क्लबांची स्पर्धा असेल तर तिथे उतरता येत नाही, मग खेळ कुठलाही असो. आणि उतरलात तर मूळ बंदीइतकीच नवी बंदी शेवटी जोडली जाऊ शकते, म्हणजे तुमच्या भाच्याला आणखी तीन वर्षं. ती चाचणी तो खेळला असता तर आज तुमचा प्रश्न याहून फार वाईट असता.

आता न्यायाचं. खरं सांगायचं तर 2013 मध्ये मी तुमच्याच बाजूचा होतो. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं उत्तेजकांपायी आदल्या वर्षी काढून घेतली होती, आजन्म बंदी होती, आणि एप्रिलमध्ये त्याने टेक्ससमधल्या ऑस्टिनला, स्वतःच्याच गावात, मास्टर्स पोहण्याच्या स्पर्धेत तीन शर्यतींना नाव दिलं. वय 41. जलतरणाच्या जागतिक संघटनेने, तेव्हाच्या फिनाने, हरकत घेतली आणि त्याला नाव मागे घ्यावं लागलं. मला तेव्हा वाटलं की अरे पोहू द्या ना त्याला, मास्टर्स म्हणजे पंचविशीच्या पुढची आमच्यासारखी ऑफिस सुटल्यावर तलावावर येणारी माणसं, पाच-पाच वर्षांचे वयोगट, त्यात कुणाचं काय जातंय. पण हाच माणूस 2012 मध्ये ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकत्र असलेल्या शर्यतीत, परत उतरून हवाईची अर्ध-आयर्नमॅन जिंकला होता हे मी विसरलो होतो. सायकलवर कमावलेला दम पाण्यातही येतो आणि पळतानाही येतो, तो काही सायकलबरोबर गॅरेजमध्ये राहत नाही. स्टेरॉइडचंही तसंच, औषध लघवीतून निघून जातं पण त्या काळात दुप्पट मेहनत झेपवून बांधलेलं शरीर लगेच उतरत नाही, आणि मांड्या-खांद्यांची तीच ताकद पकडीत लागते, हे कबड्डी बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

माझं मत बदललं ते मात्र वाचून नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच पट्ट्यात एका निवड चाचणीला मी गुणलेखक होतो. संघात बारा जण घेतात. एक दणकट कोपरारक्षक निवडला गेला, सगळे खूश, आणि दोन महिन्यांनी कळलं की दुसऱ्या खेळात त्याच्यावर बंदी चालू होती, त्याने सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. तोपर्यंत स्पर्धा होऊन गेली. तेराव्या नंबरचा मुलगा दिव्याहून पहिल्या लोकलने प्रॅक्टिसला यायचा, वडील रिक्षा चालवायचे, त्याचं ते ज्युनियरचं शेवटचं वर्ष होतं. निकाल लागल्यावर तो माझ्यासमोर बसून बुटाची लेस सोडत होता, ते मी अजून विसरलो नाही. पुढच्या वर्षी तो आलाच नाही.

आणि हौशी म्हणजे काही दावावर नाही, हे आपल्याकडे तर मुळीच खरं नाही. कबड्डीच्या राष्ट्रीय फेडरेशनच्या नावातच अमॅच्युअर आहे, तरी त्या सर्टिफिकेटवर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, आणि राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका, पोरं त्यासाठीच तर घाम गाळतात. बक्षीस नसेल पण पोटाचा प्रश्न आहे, म्हणून संघातली एक जागा चुकीच्या माणसाला गेली की दुसऱ्या घरातला पगार जातो. 2024 च्या वाडाच्या आकड्यांत भारताचे 7,113 नमुन्यांतले 260 पॉझिटिव्ह होते, एवढं सगळं चालू असताना एका खेळात पकडलेल्याला शेजारच्या खेळाचं दार उघडं ठेवलं तर पकडून उपयोग काय.

आता जे मला खुपतं ते. कबड्डीत जवळपास प्रत्येक मंडळ जिल्हा असोसिएशनला संलग्न असतं, त्यामुळे नुसत्या चाचण्या नाही, मंडळाची संध्याकाळची प्रॅक्टिससुद्धा बंद. परत सराव सुरू करायची मुभा शेवटच्या दोन महिन्यांत किंवा शेवटच्या पाव काळात, यातलं जे कमी असेल तेवढीच, म्हणजे तुमच्या भाच्याला दोन महिने. वीस वर्षांच्या पोराचे मित्र, रोजची शिस्त, व्यसनापासून लांब राहायचं एकमेव कारण, सगळं मैदानावर असतं, आणि नेमकं तेच तोडायचं हे मला अजिबात पटत नाही. प्रबोधन आणि पुनर्वसनाच्या मान्य कार्यक्रमांना बंदीतून सूट आहे, पण असा कार्यक्रम आपल्या भागात मी तरी पाहिला नाही. स्पर्धा तोडा, मैदान तोडू नका, हे माझं म्हणणं मी आमच्या मीटिंगमध्येही मांडलंय आणि मांडत राहणार.

दुसरं म्हणजे त्याला ते दिलं कोणी? तुम्ही लिहिलंय की जिममधल्या ट्रेनरने रिकव्हरीचं म्हणून दिलं. नियम म्हणतो शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, आणि ते योग्यच आहे, पृथ्वी शॉलासुद्धा 2019 मध्ये खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटलीनवरून आठ महिन्यांची बंदी लागली. पण ट्रेनर आजही दुसऱ्या पोरांना तेच डबे विकत असेल तर त्याचं काय? भाच्याला सांगा, नाव, तारखा, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, सगळं गोळा करून नाडाला, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला, लेखी दे. त्यातून दुसरा माणूस सापडला तर उरलेल्या शिक्षेतला काही भाग स्थगित होऊ शकतो, जास्तीत जास्त एकूण शिक्षेचा तीन चतुर्थांश. हे कुणी आपणहून सांगत नाही. घाबरू नका, चांगला वकील गाठा.

आणि तो घरात कोंडून बसलाय असं लिहिलंय, त्याची काही गरज नाही. सोसायटीच्या गणपतीतलं क्रिकेट, मित्रांबरोबर टर्फवरची मॅच, एकट्याने पाम बीच रोडला पळणं, याला बंदी लागत नाही, फक्त स्पर्धा कुठल्या मान्यताप्राप्त संघटनेशी किंवा तिच्या क्लबशी जोडलेली नाही ना एवढं आधी विचारायचं, शंका असेल तर नाडाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यायचं. सप्लिमेंटचा एकही डबा मात्र घरात नको, बंदीच्या काळातही टेस्टिंगवाले दारात येऊ शकतात.

मी रविवारी सकाळी सात ते नऊ तलावावर असतो. ऐरोलीहून ठाणे लोकलने दहा मिनिटं. पाठवा त्याला, स्वतःचं तिकीट काढून पोहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि नाडाचा अर्ज कसा लिहायचा ते तिथेच बसून बघू.