आधी पोहोचूनही हरलेली गाडी

प्रश्न : माझे सासर अमेरिकेतले. सासरे दक्षिण कॅलिफोर्नियात वाढले आणि तरुणपणापासून जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून पळवण्याचा त्यांना नाद होता. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात तीन वस्तू निघाल्या : ‘एस.सी.टी.ए., एल मिराज, 1949’ आणि ‘118.42’ असे कोरलेली पितळी पट्टी. 1974 मधला एक फोटो, ज्यात गाडीच्या पुढच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत 13.90 लिहिले आहे. आणि त्याच दिवसाची, 13.84 व 101 एवढेच आकडे असलेली एक चिठ्ठी. सासऱ्यांनी 118 मैलांच्या वेगाने ड्रॅग रेस, म्हणजे दोन गाड्यांची सरळ रेषेतली शर्यत, जिंकली होती, असे घरात सांगतात. दुसऱ्या एका रेसमध्ये संध्याकाळच्या अंतिम फेरीत ते आधी पोहोचले, तरी त्यांना हरलेले ठरवले, हेही सांगतात. सासूबाईंचा त्या पंचांवरचा राग अजून गेलेला नाही. गाडी ‘बत्तीसची फोर्ड’ म्हणून गॅरेजात उभी आहे आणि मुलांना ती रंगवून चकाचक करायची आहे. यातले खरे किती मानावे?

उत्तर : आपल्या घरातल्या आठवणी खोट्या नाहीत, पण दोन वेगवेगळ्या खेळांची त्यांत सरमिसळ झाली आहे. पितळी पट्टी ड्रॅग रेसची नव्हे. एस.सी.टी.ए. म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन. ही संस्था 1937 मध्ये स्थापन झाली आणि एल मिराज हे मोहावे वाळवंटातले कोरडे पडलेले सरोवर आहे. त्या सपाट, भेगाळलेल्या तळावर गाडीने लांबून वेग घेत यायचे आणि मोजणीच्या टप्प्यातून जितक्या वेगाने जाता येईल तितक्या वेगाने जायचे, असा तो प्रकार. तेथे प्रतिस्पर्धी घड्याळ असते, शेजारची गाडी नव्हे. त्यामुळे ‘जिंकली’ हा शब्द तेथे बसत नाही. मात्र 118 मैल, म्हणजे ताशी सुमारे 190 किलोमीटर, हा वेग घरी जोडलेल्या गाडीने 1949 मध्ये गाठणे ही साधी गोष्ट नव्हती.

ड्रॅग रेसमध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात आणि थांबलेल्या अवस्थेतून पाव मैल, म्हणजे 402 मीटर, अंतर कापतात. रस्त्यावरच्या बेकायदा शर्यतींना पर्याय म्हणून या खेळाला बंदिस्त धावपट्ट्या मिळाल्या. सांता आना येथील विमानतळावर 1950 मध्ये अशी नियमित शर्यत सुरू झाली आणि 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही या खेळाची संघटना स्थापन केली (जुनी गाडी हलकी आणि वेगवान केली, की ती ‘हॉट रॉड’). आपल्या चिठ्ठीवरचा 13.84 हा अंतर कापायला लागलेला वेळ सेकंदांत आहे आणि 101 हा शेवटच्या टप्प्यातला ताशी मैलांतला वेग.

आता सासूबाईंच्या रागाकडे वळतो, कारण खरी गंमत तेथे आहे. हौशी चालकांसाठी ‘ब्रॅकेट’ नावाचा प्रकार रूढ झाला, ज्यात वेगवान आणि संथ गाड्यांचीही बरोबरीने लढत लावता येते. आपली गाडी किती सेकंदांत धावेल हे चालकाने आधीच जाहीर करायचे. तो आकडा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहीत. समोरच्याने 14.60 लिहिले असेल, तर त्याला सात दशांश सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो आणि जास्त वेगवान गाडी त्याचा पाठलाग करते. नियम असा, की स्वतः जाहीर केलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात अंतर कापले, तर आधी पोहोचूनही तुम्ही हरता. समोरच्याने त्याहून मोठी चूक केली असेल तर गोष्ट वेगळी. हा नियम नसता, तर प्रत्येकाने मुद्दाम संथ आकडा लिहून आयती आघाडी घेतली असती. काचेवर 13.90 आणि चिठ्ठीवर 13.84, म्हणजे फरक सहा शतांश सेकंदांचा. ती चिठ्ठी त्याच फेरीची असेल, तर पंचांनी काही लबाडी केली नव्हती. त्या वेगाने सहा शतांश सेकंदांत गाडी जेमतेम पावणेतीन मीटर जाते. फेरी संध्याकाळची होती, हेही लक्षात घ्यावे : हवा थंड झाली की दाट होते, इंजिनाला प्राणवायू जास्त मिळतो आणि दुपारच्या अंदाजाने लिहिलेला आकडा चुकतो. सासऱ्यांना हे ठाऊक असणार, कारण चिठ्ठी आणि फोटो त्यांनी एकाच डब्यात जपून ठेवले. सासूबाईंना हे सांगायचे की नाही, ते आपण ठरवावे. मी असतो तर धीर केला नसता.

‘बत्तीसची’ या नावाबद्दल मात्र मला शंका आहे. 1932 मध्ये फोर्डने 221 घनइंचांचे, 65 अश्वशक्तीचे व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन सामान्यांना परवडणाऱ्या गाडीत दिले आणि त्या वर्षीच्या गाडीला पुढे मानाचे स्थान मिळाले. तिची पुढची देखणी जाळी फोर्डच्याच 1928 ते 1931 च्या मॉडेल ए गाडीला बसवण्याची तेव्हा चाल होती, म्हणून जाळीवरून गाडी ओळखता येत नाही. पुढच्या काचेच्या समोर पेट्रोलचे झाकण आहे का, ते पाहावे. मॉडेल ए ची टाकी तेथे असे. 1932 च्या गाडीत ती मागे गेली. इंजिनही पट्टीच्या काळातले असेलच असे नाही, कारण 1955 मध्ये शेव्हरलेचे हलके व्ही-8 आल्यावर अनेकांनी फोर्डचे जुने इंजिन काढून टाकले. ते अजून जागेवर असेल, तर त्याच्या सपाट हेडवरचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, बोल्ट मोजावेत : सुरुवातीच्या इंजिनांत एका बाजूला 21 असत, 1938 नंतर 24 झाले.

रंगाची घाई करू नये. अशा पट्ट्या चालक अभिमानाने डॅशबोर्डवर ठोकत. आपली पट्टी डब्यात निघाली, म्हणजे ती कधीतरी उचकटली असावी. मुलांनी पॉलिश पेपर हातात घेण्याआधी डॅशबोर्डवरची लहान भोके शोधावीत, पट्टीच्या भोकांमधले अंतर मोजावे आणि दोन्ही जुळवून पाहावे. जुळली, तर 1949 च्या एल मिराजवर हीच गाडी होती, असे म्हणायला भक्कम आधार मिळेल. भोके बुजवून रंगवलेल्या डॅशबोर्डवर तो उरणार नाही.