सोरायसिस नवीन निघालाय? मग आधी हे वाच

मित्रा, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे घरात टॉवेल-ताट वेगळं करायचं नाही, कुणी करायला लावलं तर त्यांना सोबत स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. होतं काय, आपली इम्युनिटीच चवताळते आणि कातडीच्या पेशी ज्या एरवी महिनाभरात वर येऊन झडतात त्या 4-5 दिवसांतच वर येऊन साचतात, म्हणून तो चंदेरी कोंडा. सावळ्या अंगावर चट्टे लाल न दिसता जांभळट-तपकिरी दिसतात, लोक नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणतात आणि त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं!

"मुळापासून बरा करतो" म्हणणाऱ्यांच्या बिनलेबलच्या पुड्यांपासून तर लांबच राहा. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, खाल्लं की आठवड्यात अंग स्वच्छ, बंद केलं की दुप्पट उसळतं, कधी पू भरलेले फोड येऊन ॲडमिट व्हायची वेळ येते. हा बीपी-शुगरसारखा सांभाळायचा आजार आहे आणि नीट ट्रीटमेंटने महिनोन्‌महिने कातडी साफ राहते.

आंघोळ कोमट पाण्याने, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन नाहीतर खोबरेल तेल, खपल्या ओरबाडायच्या नाहीत कारण जखम झाली की तिथेच नवा चट्टा उठतो. दारू-सिगारेट बंद. मेथोट्रेक्सेट (इम्युनिटी शांत करणारी गोळी) दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जिवावर बेतते, घरच्यांनाही सांगून ठेव. आणि सकाळी बोटं आखडत असतील, नखांवर बारीक खड्डे असतील तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना आवर्जून दाखव, हा आजार सांध्यांतही उतरू शकतो, ते लवकर कळलेलं बरं.