वाचकांचे प्रश्न : तीन ओळींच्या पॅचमध्ये तपासायचं काय?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) स्वतः कोड पाठवायची अजून हिंमत होत नाही, पण इतरांनी पाठवलेले ड्रायव्हरचे (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचे) छोटे पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, रिव्ह्यू करता येतील असं वाटतं. अडचण अशी की पॅच तीन ओळींचा असतो आणि वाचला की बरोबरच वाटतो. मग रिव्ह्यू करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : त्या तीन ओळी बहुतेक वेळा बरोबरच असतात, त्यामुळे त्याच परत परत वाचून काही हाती लागत नाही. पूर्ण फाइल उघडायची आणि ज्या फंक्शनमध्ये बदल झालाय ते वरपासून खालपर्यंत वाचायचं, विशेषतः एरर आल्यावर कोड कुठे जातो ते.

एक खरं उदाहरण देते. हार्डवेअर जागं करायला ड्रायव्हर पीएम_रनटाइम_गेट_सिंक हे फंक्शन कॉल करतो, ते वापराचा काउंटर (तो शून्यावर आला तरच डिव्हाइस झोपतं) आधी एकने वाढवतं आणि मग डिव्हाइस जागं करायला बघतं, पण ते जमलं नाही तरी वाढलेला काउंटर काही खाली आणत नाही. हे लक्षात न घेता कितीतरी ड्रायव्हरांमध्ये एरर आली की सरळ रिटर्न असं लिहिलेलं होतं, काउंटर तसाच अडकलेला, म्हणजे पुढे ते डिव्हाइस जागं झालं की परत झोपायचं नाव नाही आणि बॅटरी खात बसणार. 2020 च्या शेवटी यावर पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट हे नवं फंक्शन आलं, ते फेल झालं तर काउंटर स्वतःच पूर्ववत करतं. मग जुन्याच्या जागी नवं टाकणारे पॅच भरपूर आले, दिसायला एका ओळीचे.

आता यात बघायचं काय, तर फेल झाल्यावर कोड ज्या लेबलवर (आवराआवर करणाऱ्या भागावर) उडी मारतो तिथे आधीपासूनच काउंटर कमी करणारा कॉल आहे का? असेल तर जुना कोड ठीक होता आणि पॅच लावल्यावर काउंटर दोनदा कमी होणार. शिवाय डिव्हाइस आधीच जागं असेल तर जुनं फंक्शन 1 परत देतं, नवं मात्र यशस्वी झालं की कायम 0 देतं, त्यामुळे पुढे कुणी त्या 1 वर काही ठरवत असेल तर तेही बदललं. यातलं काहीच त्या एका ओळीत दिसत नाही.

बघायची दुसरी जागा म्हणजे डेव्हएम वाली, नावाच्या सुरुवातीला डेव्हएम असलेली फंक्शनं. त्यांनी घेतलेल्या गोष्टी कर्नल आपोआप सोडतो, पण कधी? ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन (डिव्हाइस काढताना चालणारं) संपल्यावर, घेतल्या त्याच्या उलट क्रमाने. समजा कुणी फक्त इंटरप्टची (हार्डवेअरकडून येणाऱ्या इशाऱ्याची) ओळ डेव्हएमवर नेली आणि क्लॉक (हार्डवेअरला लागणारा ठोका) अजून रिमूव्हमध्ये हाताने बंद होतोय, तर क्लॉक बंद झाल्यावर आणि इंटरप्ट सोडण्याआधी इंटरप्ट आला की हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड) बंद क्लॉकच्या हार्डवेअरचं रजिस्टर वाचायला जातो, आणि काही चिपांवर तेवढ्यानेच अख्खं मशीन लटकतं. कोड कमी होतोय म्हणून असे पॅच फार छान दिसतात, पण अर्धाच ड्रायव्हर डेव्हएमवर नेलेला असला की माझा पहिला प्रश्न क्रमाचाच असतो. तू पण तो विचार, अगदी नवखा असलास तरी, कारण हा प्रश्न कधीच वाया जात नाही.

प्रश्न : पॅच ज्या हार्डवेअरसाठी आहे ते माझ्याकडे नाहीच. तरी रिव्ह्यूड-बाय देता येतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हो, देता येतं. रिव्ह्यूड-बाय हा पॅचला आपल्या नावाने जोडायचा टॅग, त्याचा अर्थ असा की मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला, शंका होत्या त्या मांडल्या, त्यांची उत्तरं पटली आणि हा बदल घेण्यालायक आहे असं मला वाटतं. तो चालेलच अशी हमी त्यात नसते, हे कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. टेस्टेड-बाय मात्र प्रत्यक्ष चालवून बघितल्याशिवाय अजिबात द्यायचं नाही. कर्नलच्या कॉन्फिगमधला कंपाइल टेस्टचा पर्याय चालू केला की दुसऱ्याच आर्किटेक्चरचे बरेच ड्रायव्हर आपल्या लॅपटॉपवर बिल्ड होतात, तेवढं तरी कराच, आणि टॅगबरोबर दोन वाक्यं लिहा की मी एरर पाथ आणि रिमूव्हचा क्रम बघितला, लॉकिंग बघितलं नाही. नुसत्या टॅगपेक्षा मेंटेनरला (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याला) ही दोन वाक्यं जास्त उपयोगी पडतात.

प्रश्न : फिक्सेस टॅग पण रिव्ह्यू करणाऱ्याने तपासायचा का?

उत्तर : नक्की तपासायचा, याकडे फार दुर्लक्ष होतं. ज्या कमिटने (कोडमध्ये नोंदलेल्या बदलाने) बग आणला त्याच्या हॅशची, म्हणजे ओळखक्रमांकाची, निदान 12 अक्षरं आणि शीर्षक त्या टॅगमध्ये असतं. पाठवणारा गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटने आली ते दाखवणारी कमांड) करतो, समोर जो कमिट येतो तो चिकटवतो, आणि पुष्कळदा त्या कमिटने कोड फक्त एका फाइलमधून दुसरीत हलवलेला असतो, बग त्याच्या कितीतरी आधीचा. टॅग चुकला की जुन्या स्टेबल कर्नलांपर्यंत (ज्या आवृत्त्यांना फक्त दुरुस्त्या मिळत राहतात) फिक्स पोचतच नाही, आणि तेच कर्नल लोकांच्या राउटरमध्ये नि फोनमध्ये वर्षानुवर्षं चालत असतात. म्हणून ब्लेम करून मागे मागे जायचं, कोड खरंच कधी आला ते सापडेपर्यंत.

स्टेबलमध्ये जायला पॅच आधी मुख्य कर्नलमध्ये यावा लागतो, आजूबाजूच्या ओळी धरून 100 ओळींच्या आत असावा लागतो, आणि लोकांना खरोखर त्रास देणारा बग सुटावा लागतो. नुसती स्पेलिंग दुरुस्ती किंवा कागदावरची रेस कंडिशन (दोन कामं एकाच वेळी चालून होऊ शकणारा घोळ) तिथे चालत नाही.

प्रश्न : छोट्या पॅचकडे मेंटेनर इतक्या संशयाने का बघतात? मदतच करतोय ना आपण?

उत्तर : मदतच आहे, पण मागचा अनुभव कडू आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये छोट्या फिक्सच्या नावाखाली मुद्दाम सदोष पॅच पाठवून बघितले, रिव्ह्यूमध्ये पकडले जातात का म्हणून. 2021 च्या एप्रिलमध्ये स्टेबल कर्नलचे मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणं थांबवलं आणि मग तिथून आलेले 435 कमिट पुन्हा तपासावे लागले. त्यातले बहुतेक बरोबर निघाले, पण 39 चुकीचे होते आणि दुरुस्त करावे लागले. ज्यांनी ते सगळं परत वाचलं त्यांचा वेळ कुणी भरून दिला नाही, आणि माझ्या मते त्या प्रकरणातला खरा अन्याय हाच. म्हणून बग कसा सापडला ते वर्णनात लिहावं : स्मॅचने (कोड न चालवता चुका शोधणाऱ्या टूलने) दाखवला, कोड वाचताना दिसला, की बोर्डवर खरंच क्रॅश झाला. आणि पॅच नुसता कंपाइल करून बघितलेला असेल तर तेही सांगावं.

प्रश्न : पॅच पाठवून चार दिवस झाले, उत्तर नाही. परत पाठवू का?

उत्तर : निदान एक आठवडा थांबा, दोन-तीन आठवडे लागणंही नेहमीचंच आहे. मर्ज विंडोचे (पुढच्या आवृत्तीत नवं काम घेण्याचे) दोन आठवडे चालू असतील तर अजून उशीर होईल, तेव्हा मेंटेनर गोळा झालेलं काम पुढे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सकडे पाठवण्यात अडकलेले असतात. तोवर त्याच सबसिस्टममधला दुसऱ्या कुणाचा तरी पॅच घ्या आणि वर सांगितलं तसा वाचून काढा.