मुलगी कर्नेलचा कोड वाचत बसते: हे करिअर होऊ शकते का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तुमची मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नेटवर्किंग कोडमध्ये 2017 साली उघडकीस आलेल्या एका त्रुटीबद्दल तिने वाचले आणि तेव्हापासून ॲप बनवण्याचा वर्ग सोडून ती रात्ररात्र सी भाषेतला कोड वाचत बसते, अशी तुमची काळजी आहे. हे हॅकिंग कायद्यात बसते का, यात नोकरी मिळते का आणि रस्ट ही नवी भाषा आल्यावर हे शिकून उपयोग काय, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी ती नेमके काय वाचते आहे हे सांगतो, कारण ते कळल्याशिवाय उत्तरे तुम्हाला पटणार नाहीत.

सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-2017-6074 या क्रमांकाने नोंदलेली ही त्रुटी डीसीसीपी नावाच्या, फारशा वापरात नसलेल्या एका प्रोटोकॉलच्या (संगणकांनी आपसात बोलण्याच्या नियमांच्या) कोडमध्ये होती. नेटवर्कवरून आलेले प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कर्नेल मेमरीतल्या एका रचनेत ठेवतो. कर्नेलवर काम करणारे तिला ‘एसकेबी’ म्हणतात. ते पॅकेट एका वेळी किती जणांनी धरून ठेवले आहे याचा आकडा त्या रचनेतच असतो आणि तो शून्यावर आल्यावरच मेमरी मोकळी करायची, असा दंडक आहे. जोडणीची विनंती आली की तिची नोंद घेऊन कर्नेल ते पॅकेट टाकून देतो. परंतु ॲप्लिकेशनने आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चा एक विशिष्ट पर्याय चालू केला असेल, तर तेच पॅकेट पुढे लागेल म्हणून जपून ठेवले जाते आणि आकडा एकने वाढतो. इथवर सारे ठीक होते. मात्र विनंती हाताळणारा कोड शेवटी त्या आकड्याकडे न पाहताच मेमरी थेट मोकळी करत असे. ज्याने पॅकेट जपून ठेवले होते त्याला याचा पत्ताच नसल्यामुळे तीच मेमरी पुढे दुसऱ्यांदा मोकळी होई. मधल्या काळात त्या जागेवर हवे ते बाइट पेरणे ज्याला जमले, तो त्या यंत्रावरचा साधा वापरकर्ता असूनही रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ शकत असे.

ही चूक किमान सप्टेंबर 2006 मधल्या 2.6.18 या आवृत्तीपासून कोडमध्ये होती, म्हणजे दहा वर्षे अनेकांच्या नजरेखालून गेली. ती आंद्रेई कोनोवालोव या संशोधकाला सिझकॉलर या साधनामुळे सापडली. हे साधन कर्नेलवर उलटसुलट सिस्टिम कॉलचा (प्रोग्रामने कर्नेलकडे केलेल्या मागण्यांचा) मारा करत राहते, आणि मोकळ्या केलेल्या मेमरीला कोणी हात लावला की कासान हा कर्नेलमधला मेमरीचा पहारेकरी तत्काळ ओरडतो. दुरुस्ती काय होती, तर थेट मोकळे करण्याऐवजी आकडा पाहून सोडणारे फंक्शन वापरायचे. बदललेल्या ओळी मोजायला एका हाताची बोटे पुरतात.

आता कायद्याविषयी. कोनोवालोव यांनी ही त्रुटी आधी कर्नेलच्या सुरक्षा गटाला खासगीत कळवली आणि दुरुस्ती तयार झाल्यावर ती जाहीर झाली. या वाटेने केलेल्या कामाला प्रतिष्ठा आहे. स्वतःच्या संगणकावरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) प्रयोग करावेत, दुसऱ्याच्या यंत्राला लेखी परवानगीशिवाय हात लावू नये. ही सीमा तिने ओलांडली तर तिची कितीही हुशारी तिला वाचवणार नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा.

नोकरीबाबत मी गोड बोलणार नाही. कर्नेलमधल्या त्रुटी शोधण्याचे काम पदवी हातात पडताच मिळणे दुर्मीळ आहे. ड्रायव्हर (उपकरणे चालवणारा कोड), नेटवर्क उपकरणांतले सॉफ्टवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची चाचणी अशा दारांतून आत जावे लागते. मीही समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी अशाच एका कंपनीत होतो. तिथे एक राउटर दर काही दिवसांनी बंद पडे आणि मोकळ्या झालेल्या बफरला (मेमरीच्या तुकड्याला) एक टायमर नंतर स्पर्श करतो आहे, हे शोधायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत दाखवण्यासारखे काहीही हाती नव्हते. तुमच्या मुलीला असे दिवस सोसतात का, हा माझ्या मते तिच्या गुणांपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न आहे. त्रुटी कळवल्याबद्दल कंपन्या देतात त्या बक्षिसांच्या भरवशावर उपजीविका मात्र धरू नये, आणि ‘एथिकल हॅकर’ अशा छापाच्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवण्यापूर्वी दहादा विचार करावा. या क्षेत्रात उमेदवाराने कर्नेलला पाठवलेला आणि स्वीकारला गेलेला एखादा छोटा पॅच (कोडमधली दुरुस्ती) अधिक बोलतो.

रस्टचा प्रश्न तुम्ही नेमका विचारलात. मेमरीचा मालक कोण, हा हिशेब रस्टमध्ये कंपायलरच, म्हणजे कोडचे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणारे साधनच, ठेवतो, त्यामुळे या भाषेच्या सुरक्षित कोडमध्ये अशी चूक कंपाइलच होत नाही. डिसेंबर 2022 च्या 6.1 या आवृत्तीपासून लिनक्स कर्नेलमध्ये रस्टला जागा मिळाली आहे. तरीही नेटवर्किंगचा जवळजवळ सगळा कोड सीमध्येच आहे आणि तो वर्षानुवर्षे कोणाला तरी सांभाळावा लागेल. म्हणून आधी सी, मग रस्ट. सीमध्ये एकदा हात पोळला की रस्टचे नियम जाचक वाटत नाहीत.

तूर्त तिला एकच काम द्या. डिसेंबर 2016 ची कर्नेलची 4.9 ही मूळ आवृत्ती कासान चालू ठेवून तिने बांधावी (त्यासाठी जुना कंपायलर लागेल आणि तो जुळवण्यातच पहिले दोन दिवस जातील) आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये हीच त्रुटी घडवून आणावी. कासानच्या अहवालात मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि नंतर कुठे वापरली, अशा तीन वाटा छापून येतात. त्यांतली प्रत्येक ओळ कोडमध्ये शोधून तिने दोन पाने मराठीत लिहावीत आणि तुम्हाला वाचायला द्यावीत. सत्र संपेपर्यंत हे तिने स्वतःहून पूर्ण केले, तर ॲपचा वर्ग सुटल्याचे वाईट वाटून घेऊ नका. ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर मात्र तिने चांगल्या गुणांनी काढलाच पाहिजे.

आपला,
करिअर समुपदेशक