पळणाऱ्यांचे प्रश्न : पुळण, घाटी आणि घाम

गुहागरला राहते. पहिल्या २१ किलोमीटरच्या शर्यतीसाठी पुळणीवर सराव करते. दक्षिणेकडे वाळूवरून जायचं आणि येताना रस्त्याने परतायचं, असा नेम आहे. कधी वाळू टणक लागते, कधी घोट्यापर्यंत पाय रुततो. हल्ली उजवा गुडघा बाहेरच्या अंगाने दुखतो.

आधी गुडघ्याचं. दक्षिणेकडे जाताना समुद्र तुमच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे उजवा पाय सतत उताराच्या बाजूला पडतो. परतीला रस्ता धरल्याने त्याची भरपाई होत नाही. कमरेपासून गुडघ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत येणाऱ्या पट्ट्यावर त्यामुळे ताण येतो, आणि तुमचं दुखणं बहुधा त्याचंच आहे. दहा-बारा दिवस वाळू बंद ठेवा. नंतर सुरुवात कराल तेव्हा जितकं वाळूवरून जाल तितकंच वाळूवरूनच परत या. चालतानाही दुखत असेल किंवा सूज असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आता टणक वाळू. तिची वेळ कोळीवाड्यातल्या जुन्या हिशेबाने काढता येते : तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पळायला तेवढं पुरे. याचा अर्थ पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या पहाटा तुमच्या. समुद्र पाच ते साडेआठच्या दरम्यान पुरता मागे गेलेला असतो, आणि उधाणाचे दिवस असल्याने ओली, सपाट पट्टी सर्वांत रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास सकाळी सहाला भरतीच असते. उरते ती वरची उतरती, भुसभुशीत वाळू. त्या दिवशी सरळ रस्ता धरा. भुसभुशीत वाळूत पोटरी आणि टाचेची शीर दोन्ही भरून येतात, आणि शर्यत तर डांबरावर आहे! आठवड्यातल्या तीन दिवसांपैकी एकच दिवस वाळूला द्या.

पुण्याहून चिपळूणला बदली झाली. तिथे किलोमीटरला साडेसहा मिनिटं सहज जायची, इथे त्याच वेगात धाप लागते. पाणी भरपूर पितो, तरी शेवटी डोकं दुखतं.

एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर. इथल्या दमट हवेत तो कोपरावरून नुसता ठिबकतो. पाणी आणि मीठ जातं, अंग मात्र निवत नाही. मग त्वचेकडे जास्त रक्त पाठवायला हृदय पळू लागतं आणि पायांच्या वाट्याला कमी येतं. तब्येत बिघडलेली नाही, हवा बदलली आहे. शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट सोडा आणि पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच जोरात पळा. सरावल्यावरही पुण्याचा वेग तसाच्या तसा इथे मिळेल, ही आशा सोडलेली बरी.

डोकेदुखीचं कारण कमी पाणी असेल तसं जास्त पाणीही असू शकतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचं सोडियम घसरलेलं निघालं, आणि शर्यतीत वजन वाढणं हे त्याचं मोठं लक्षण होतं. म्हणून अंदाजाने पिऊ नका, मोजा. पळण्याआधी कपड्यांशिवाय वजन करा, तासभर पळा, अंग कोरडं पुसून पुन्हा करा. ६८.४चे ६७.५ किलो झाले आणि मध्ये ३०० मिली प्यालात, तर घाम गेला ताशी १.२ लिटर. त्याच्या निम्म्याच्या आसपास, तहान लागेल तसं, घोट घोट घ्या. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं, हे नक्की. बोटं सुजली, मळमळलं, बोलण्यात गोंधळ झाला, तर पाणी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठायचा.

तासाभराच्या वरच्या पळण्यात मीठ लागतंच. शहाळं उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम तोकडं. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात पूर्ण घालावी. अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने घातली तर प्रमाण चुकतं आणि पोट ढवळतं. कोकमाचं म्हणाल तर अमृत कोकम नुसतं गोड, मीठ असतं ते आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे आगळ आणि दोन मोठे चमचे साखर चालते. आंबटाने छातीत जळजळणाऱ्यांनी आधी सरावात घेऊन बघावं. सोलकढी जेवणातच ठेवा, नारळाच्या दुधातलं तेल पळताना पचत नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच.

आरे-वारेच्या रस्त्यावर चढ निभतो, पण उतारानंतर दोन दिवस जिना उतरता येत नाही. अंगठ्याची नखंही काळी पडली.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो. त्यातून बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं. गंमत अशी, की एकदा नीट दुखून बरा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तसा दुखत नाही. म्हणून उताराचा मुद्दाम सराव करा. तीन-चारशे मीटरची घाटी निवडा, चालत चढा, पळत उतरा. पहिल्या वेळी चार फेऱ्या, दहा दिवसांनी सहा. शेवटचा सराव शर्यतीच्या दोन-अडीच आठवडे आधी, त्यानंतर नको. उतरताना पावलं आखूड आणि भराभर, पाय कमरेखाली पडेल असा. मागे रेलून टाच रोवलीत, की ब्रेक लावल्याचा सगळा धक्का मांडीत.

नखं काळी होतात ती पाय बुटात पुढे सरकल्याने. पुढे अंगठाभर जागा हवी आणि नखं सरळ कापलेली हवीत. बुटाला सर्वांत वर एक जादा भोक असतं. लेस बाहेरून त्याच बाजूच्या त्या भोकात घालून लहानसा फास ठेवा, दोन्ही टोकं समोरासमोरच्या फासातून ओवून खाली ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागची हलत नाही.

पावसात बूट वाळत नाहीत. शेताच्या बांधावरून, साचलेल्या पाण्यातून पळावं का?

बुटातला आतला तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ नको, गोंद सुटतो. खारं पाणी लागलं असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा. बांधावरून मात्र नको. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिसचा (लेप्टोचा) जंतू फुटलेल्या फोडातून, भेगेतून अंगात शिरतो. तशा पाण्यात पाय गेला असेल आणि पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं, तर ‘पाण्यात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. औषध लवकर सुरू होणं महत्त्वाचं. शेवाळलेल्या जांभ्यावर तर नवे बूटही धरत नाहीत, पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चालतच उतरा.

दोघं मित्र दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून दापोलीकडून गुहागरच्या बाजूला पळत जाणार आहोत. काय सांभाळावं?

फेरीची शेवटची वेळ आदल्या दिवशी जेट्टीवर विचारून घ्या. खाडीकाठी उभं राहिलं की ओल्या बनियनवर वारा बसतो आणि पोटऱ्या आखडतात; कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत हवा आणि बोटीत बसू नका, उभ्याने टाचा वर-खाली करत राहा. काखेला, मांड्यांना निघतानाच व्हॅसलिन लावा, छातीवर कागदी चिकटपट्टी. वाहनं समोरून येतील अशा उजव्या कडेने पळा, पण उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर थोडं आधीच पलीकडे जा, कारण आतल्या कडेला चिकटलेला माणूस ड्रायव्हरला अगदी शेवटी दिसतो. पलीकडे उतरल्यावर धोपाव्याहून लगेच चढण लागते. पहिली दहा मिनिटं चालाच.